जुना क्रँक घ्यावा की न घ्यावा?



विसरवाडीहून धुळ्याकडे निघाले की कोंडाईबारीचा घाट लागतो. घाटाच्या चढणीला मोटारसायकलचे पोट कळते. ठणठणीत इंजिन घुमत वर जाते. दमलेले इंजिन आतून खडखडू लागते. मग मिस्त्री गाडी खोलून निकाल देतो, "क्रँक गेला." तेवढ्यात कोणीतरी सांगतो की अमक्या भंगारवाल्याकडे तसाच एक जुना क्रँक पडला आहे, थोडक्यात मिळेल. पाड्यावरच्या शाळेला जाणाऱ्या गुरुजींचे आणि दूध घालणाऱ्या गड्याचे सारे दिवसाचे गणित या गाडीवर असते. तेव्हा तो क्रँक घ्यावा की नाही, याचा विचार आज करू या.

क्रँक म्हणजे काय, हे समजायला शिवणयंत्र पाहा. पाय पायट्यावर खाली-वर होतो आणि दांड्याच्या जोरावर चाक गोल फिरते. इंजिनात पायाच्या जागी पिस्टन, दांड्याच्या जागी कनेक्टिंग रॉड. उदाहरणाला जुनी जावा किंवा येझदी घेऊ. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात त्या १९६१ पासून बनत. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. आज जावा आणि येझदी या नावांच्या नव्या गाड्या निघतात, पण त्यांचे इंजिन निराळे. जुन्या २५०च्या इंजिनात पिस्टन ७५ मिलिमीटर वर जातो आणि तेवढाच खाली येतो. मिनिटाला ४००० फेरे धरले, तर तो मिनिटात ६०० मीटर धावतो. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. हा सारा भार ज्या एका पिनेवर येतो ती क्रँक पिन.

हा क्रँक अखंड नसतो. दोन जड चाके, त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पिन, पिनेवर रोलर आणि रोलरवर कनेक्टिंग रॉड, अशी त्याची मांडणी असते. यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. पिन, रोलर, रॉड, बाजूची बेअरिंगे आणि ऑइल सील या वस्तू नव्या घालता येतात. जुन्या क्रँकमध्ये त्या गेल्याच आहेत असे समजून चालावे. विकणारा म्हणेल, "चालत्या गाडीतला आहे, तसाच टाका." त्याचे ऐकू नका. तसाच टाकला आणि वाजला, तर सारे इंजिन पुन्हा खोलावे लागेल. आपण पैसे देतो ते दोन चाकांचे आणि त्यांच्या दोन दांड्यांचे. ते शाबूत असतील तर माल घ्यावा, नाही तर फुकटही घेऊ नये.

मग पाहायचे काय? पहिले, पिनेच्या भोकाभोवती पंचाचे ठोके किंवा वेल्डिंगचे डाग आहेत का? असतील तर भोक सैल झाले होते आणि कोणीतरी जुगाड केला आहे. तो क्रँक तिथेच ठेवा. दुसरे, ज्या दांडीवर बेअरिंग बसते तिच्यावर नवे बेअरिंग घालून पाहा. ते बोटाने सहज सरकले तर दांडी झिजली आहे. तिसरे, सील जिथे घासते तिथे गंजाचे खड्डे नकोत. टू-स्ट्रोक इंजिनात सील गळले की आत जादा हवा शिरते, पेट्रोल आणि त्यातले तेल कमी पडते, आणि पिस्टन जाम होतो. चौथे, किल्लीची खाच आणि आटे तुटलेले नसावेत. पिनेजवळ पोलाद निळसर पडले असेल, तर क्रँक तेलावाचून तापला होता असे समजावे.

आता कारागिराकडे वळू. नवी पिन भोकापेक्षा किंचित जाड असते आणि ती प्रेसखाली टनांच्या दाबाने बसते. हातोड्याने बसवणाऱ्याकडे जाऊ नका. मग क्रँक दोन टोकांवर धरून, फिरवून, डायल गेजने त्याची डगमग मोजावी लागते. ती दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत हवी, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहून कमी. हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून लेथवाल्याला आधी विचारा, "तुमच्याकडे प्रेस आणि डायल गेज आहे का?" गावात नसेल तर नंदुरबारला, धुळ्याला किंवा सुरतेला चौकशी करा.

मात्र भंगारवाल्याकडे जाण्यापूर्वी एक काम करा. आपलाच बिघडलेला क्रँक त्या कारागिराला दाखवा. पुष्कळदा पिन आणि रोलरच गेलेले असतात, चाके उत्तम असतात. मग दुसऱ्याचा जुना क्रँक घ्यायचे कारणच उरत नाही. आपले भोक सैल असेल, चाक तडकले असेल, तरच दुसरा शोधावा. आणि घेताना "कारागिराने नापास केला तर परत घ्याल" असा शब्द घ्यावा.

हिशेबही कागदावर मांडा: क्रँकची किंमत, रॉडचा संच, बेअरिंगे आणि सील, प्रेसची मजुरी, इंजिन खोलण्या-जोडण्याची मजुरी, आणि येण्याजाण्याचे भाडे. बहुतेक वेळा क्रँकची किंमत हा यातला लहान आकडा असतो. बेरीज गाडीच्या किमतीला भिडली, तर हात आवरावा.

शेवटी, पहिला क्रँक का गेला हे शोधल्याशिवाय दुसरा बसवू नका. पेट्रोलमध्ये तेल कमी पडत होते का? एअर फिल्टर फाटून रस्त्याची धूळ आत जात होती का? पावसाळाभर गाडी ओसरीत उभी राहून आत गंज चढला होता का? हे कारण तसेच राहिले, तर नवी पिनही पुढच्या वर्षी त्याच घाटात खडखडेल. कारण दूर केले आणि काम मापाने झाले, तर जुने चाकही पुष्कळ वर्षे साथ देते.