जुनं का राहिलं, हे आधी विचारा



मी निवृत्त सैनिकी अधिकारी. संगणकाचा अभियंता नाही. आमच्या माजी सैनिकांच्या छोट्या कार्यालयातला उबुंटूचा एक संगणक मी सांभाळतो. सभासदांचे पेन्शनचे कागद, वीरपत्नींचे अर्ज, सगळं त्यातच असतं.

एका सकाळी अपडेट मध्येच अडलं. 'बूट' विभागात जागा नाही, असा संदेश आला. पाहतो तर कर्नलच्या सहा आवृत्त्या! मनात म्हटलं, दुपारी जुन्या फायली पुसून टाकू. तोवर संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, आणि पडद्यावर 'कर्नल पॅनिक'. नव्या कर्नलला सुरू होताना लागणारी इनिट्रॅमएफएस ही फाइल जागेअभावी तयारच झाली नव्हती. त्याच दिवशी एका वीरपत्नीचा अर्ज पाठवायचा होता.

ग्रबच्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन मागची आवृत्ती निवडली. संगणक सुरू झाला, अर्ज वेळेत गेला. ज्याला मी कचरा म्हणत होतो, त्यानंच वेळ निभावून नेली.

मग जरा शांतपणे शोध घेतला. फौजेत स्टोअरमधली जुनी वस्तू मोडीत काढण्याआधी आम्ही लेजर उघडायचो. इथंही पॅकेज मॅनेजरकडे असं लेजर असतं. जुनी आवृत्ती राहण्याची तीन कारणं मला त्यात सापडली.

पहिलं, सुरक्षितता. उबुंटूत कर्नलच्या पॅकेजच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असतो. म्हणून नवं कर्नल जुन्याची जागा घेत नाही, त्याच्या शेजारी बसतं. सध्या चालू असलेलं कर्नल 'ऑटोरिमूव्ह' काढत नाही. ते कोणतं, हे 'युनेम -आर' सांगतं.

दुसरं, अवलंबन. एखादा प्रोग्राम जुन्या लायब्ररीवर उभा असतो. 'ॲप्टिट्यूड व्हाय' आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं, की ते कुणामुळे राहिलंय याची साखळी दिसते.

तिसरं कारण म्हणजे आपला स्वतःचा हुकूम. आपण नाव देऊन बसवलेल्या पॅकेजवर 'मॅन्युअल' अशी खूण पडते, आणि 'ऑटोरिमूव्ह' त्याला हात लावत नाही. 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' चालवलं, तर त्या यादीत चार जुनी कर्नल्स निघाली. दोन वर्षांपूर्वी वायफाय चालेना, तेव्हा एकेक आवृत्ती नाव देऊन मीच बसवून पाहिली होती. आणि विसरलो होतो. गुन्हेगार मीच!

उपाय सोपा होता. कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. 'ॲप्ट-मार्क ऑटो'नं त्या चारांवरची खूण बदलली. 'ऑटोरिमूव्ह' आधी '-एस' लावून चालवलं. त्यात काहीच पुसलं जात नाही, काय जाणार एवढंच कळतं. यादी वाचली, चालू कर्नल त्यात नाही याची खात्री केली आणि मगच खरी आज्ञा दिली. शेवटी अडलेलं अपडेट पूर्ण केलं.

बूटमधल्या फायली हातानं पुसू नका. फाइल जाते, पण लेजरमधली नोंद तशीच राहते आणि पुढचा हिशेब चुकतो.

जुनं दिसलं की हात आधी डिलीटकडे जातो. तो थांबवा आणि विचारा, हे कुणाच्या नावावर आहे? पुष्कळदा उत्तरात आपलंच नाव निघतं.

जय हिंद!