मुकादमाची वही



ज्या माणसाचे कामच माणसे नेमण्याचे, त्यांची हजेरी, पगार, रजा आणि गाऱ्हाणी सांभाळण्याचे, आणि वेळ आली तर त्यांना घरी पाठवण्याचे आहे, त्याने आपल्या नोकरीत खरे कसे राहावे, या विषयावर आज मला बोलायचे आहे. अशा माणसाला हल्ली मनुष्यबळ अधिकारी म्हणतात, आणि हा विषय पुण्यामुंबईच्या काचेच्या कचेऱ्यांतला आहे, बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या कुशीतल्या वडवणीला त्याच्याशी काय कर्तव्य, अशी शंका कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु माणसांची भरती हा ज्या मुलखाचा दरसालचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार होऊन बसला आहे, असा मुलूख शोधू गेल्यास वडवणी, धारूर, केज, पाटोदा या डोंगरपट्ट्यापाशीच येऊन थांबावे लागेल. आणि ही भरती करणाऱ्या असामीपाशी ना पदवी असते ना कचेरी, असते ती एक वही. त्याला मुकादम म्हणतात.

व्यवहार आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे, तरी थोडक्यात सांगतो. पावसाळ्यातच ऊसतोडणीसाठी साखर कारखान्याची रक्कम मुकादमाच्या हाती येते, तीतून तो जोडप्याजोडप्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, नवराबायको मिळून एक कोयता आणि एकटा गडी असल्यास अर्धा कोयता अशी मोजदाद होते, मुद्रांकाच्या कागदावर सह्या-अंगठे उमटतात, आणि दसरा उलटला की पोती, भांडी, शेळ्या आणि लहान लेकरे यांच्यासकट टोळी गाडीत चढून सांगली-कोल्हापूरकडे, किंवा सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे रवाना होते. तिथे उसाचा फड, पाचट, मोळी आणि राहायला खोप. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचे गाळप संपले, की हिशेब. उचल फिटली तर फिटली, नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाच्या मागे जाणे भाग पडते.

या मुकादमाची जागा मोठी अवघड आहे, आणि तिचा विचार सहानुभूतीने केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. कारखान्याशी करार त्याचा. कारखान्याच्या हजेरीपटावर फिटर असतो, कारकून असतो, पण ज्याच्या कोयत्यावर सारे गाळप अवलंबून, तो तोडणी कामगार नसतो. एखादे जोडपे उचल घेऊन फरारी झाले तर भरपाई मुकादमाला करावी लागते, आणि अशा भरपाईपायी जमिनीवर पाणी सोडलेले मुकादम या भागात आहेत. उलटपक्षी, दोन दोन कारखान्यांची उचल घेऊन टोळी तिसऱ्याच ठिकाणी नेणारे महाभागही आहेतच. पण याहून नाजूक बाब निराळी आहे. मुकादम परका नसतो. तो त्याच वाडीचा, त्याच तांड्याचा, पुष्कळदा नात्यातला. टोळीतली बाई त्याला भाऊ म्हणते किंवा दाजी म्हणते, तिच्या लेकीच्या लग्नाला पैसे त्यानेच पुढे केलेले असतात, आणि कारखान्याने त्याच्यावर लाखोंची रक्कम सोडलेली असते ती याच नात्याच्या तारणावर. आपुलकी खोटी असते असे मी म्हणत नाही. ती बहुधा खरीच असते, आणि खरी असते म्हणूनच तिचा तारण म्हणून उपयोग होतो.

ही गोष्ट शहराने आपल्या आधी भोगली आहे. मुंबईच्या गिरण्यांतून नोकरी देणे आणि काढून घेणे हे जॉबरच्या हाती असे. तोही कामगारांच्याच गावचा, त्यांच्याच चाळीतला, अडीअडचणीला धावणारा, आणि नोकरी लावून देण्याबद्दल दस्तुरी घेणारा. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने हिंदुस्थानभरच्या कामगारांची पाहणी करून १९३१ साली जो अहवाल दिला, त्यात जॉबरचा हा अधिकार काढून घ्यावा आणि प्रत्येक मोठ्या कारखान्यात एक स्वतंत्र कामगार अधिकारी नेमून भरती त्याच्यामार्फतच व्हावी, अशी शिफारस केली. आजचा मनुष्यबळ अधिकारी हा एका परीने त्या शिफारशीचाच वंशज होय. त्या अधिकाऱ्याच्या अंगी कोणते गुण असावेत हेही आयोगाने नमूद करून ठेवले आहे: व्यक्तिमत्त्व हवे, उत्साह हवा, माणूस ओळखण्याची हातोटी हवी, कामगारांची भाषा यावी; परंतु या सर्वांच्या आधी, पहिल्या क्रमांकावर, सचोटी.

पुढे स्वतंत्र भारताने १९४८ सालच्या कारखाने अधिनियमात पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले, आणि कित्येक राज्यांनी त्याखाली जे नियम केले त्यांत या अधिकाऱ्याने कामगारावरील शिस्तभंगाचे काम चालवू नये, न्यायाधिकरणापुढे मालकाच्या बाजूने कामगाराविरुद्ध उभे राहू नये, अशी स्पष्ट तरतूद ठेवली. नियम करणारांना मानवी स्वभाव ठाऊक होता. सकाळी ज्याने तुमच्या मुलाच्या आजाराची विचारपूस केली त्यानेच दुपारी तुमच्या हाती आरोपपत्र ठेवले, तर सकाळच्या विचारपुशीचे मोल काय राहील? प्रत्यक्षात दोन्ही कामे एकाच मेजावर येऊन पडतात, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगावयास नको.

मग खरेपणा राखावा कसा? अलीकडे या प्रश्नाचे एक सोपे उत्तर प्रचारात आहे, ते असे की, अधिकाऱ्याने मनमोकळे वागावे, आपल्या भावना लपवू नयेत, कामगारांत मिसळावे, आम्ही सारे एक कुटुंब आहोत असे वातावरण ठेवावे. मला हे उत्तर अपुरेच नव्हे तर काहीसे धोक्याचे वाटते, कारण मनमोकळेपणात आमच्या मुकादमाचा हात कोण धरणार? तो तर खरोखरच कुटुंबातला असतो! त्याचा खरेपणा तपासायचा तर त्याची वही पाहावी लागते.

अशी एक वही मी जवळून पाहिली आहे. एका टोळीचा मुकादम पंधरवड्याचे बिल निघाले की संध्याकाळी खोपींच्या मधल्या मोकळ्या जागेत बसे, आणि प्रत्येक कोयत्याचा हिशेब मोठ्याने वाचून दाखवी: खेपा इतक्या, वजनकाट्याच्या पावतीप्रमाणे टन इतके, खाडे इतके, किराण्याला दिलेले इतके, उचलीतून फिटले इतके; आणि सर्वांत शेवटी, इतरांनी जे कधीच उच्चारले नसते ते, म्हणजे या बिलावर आपले स्वतःचे कमिशन किती निघाले तेही. भाकरी थापता थापता बायका ऐकत. ‘मुकादम, शुक्रवारची खेप राहिली की आमची,’ असे एखादी म्हणाली तर तो पावत्यांचा गठ्ठा सोडी आणि पावती सापडेपर्यंत पुढचे नाव घेत नसे. गृहस्थ बोलण्याचालण्यात रुक्ष होता, कोणाची थट्टामस्करी त्याला खपत नसे, आणि टोळीचे त्याच्यावर विशेष प्रेम होते असेही मला आढळले नाही. त्याच्या हिशेबाविषयी मात्र मागाहून कोणी कुजबुजले नाही.

वहीतल्या ‘खाडा’ या रकान्यापाशी क्षणभर थांबले पाहिजे. कामावर न गेल्यास मजुरी तर बुडतेच, वर दंडही वहीत चढतो. आणि नवरा धडधाकट असून बायको आजारी पडली तरी खाडा साऱ्या कोयत्याचा लागतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या अहवालात बीड जिल्ह्यातील पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कारणे एकाहून अधिक होती, डॉक्टरांचा लोभ त्यात होता, अज्ञान होते; परंतु पाळीच्या दुखण्याने खाडा पडेल हे भय कितीतरी बायकांनी आपल्या तोंडाने बोलून दाखवले. दंडाचा तो आकडा वहीत ज्याने मांडला तो बहुधा निर्दय नव्हता, बाईला तो ताईही म्हणत असेल. मालकाने घातलेली अट त्याने वहीत उतरवली, आणि ती अन्यायाची आहे हे वर कळवण्याचे काम आपले आहे असे त्याला वाटले नाही.

मधल्या माणसाची कसोटी मला येथे दिसते. त्याला दोन्हीकडे बोलावे लागते. पण टोळीला सांगितलेले कारखान्याच्या शेतकी खात्यापुढे, आणि शेतकी खात्यात मान्य केलेले टोळीपुढे, त्याला जसेच्या तसे बोलता आले पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. अशी वाढ मजुराला मुकादमाच्या तोंडून कळते की फडाच्या बांधावर कोणाच्या तरी मोबाईलवरून, एवढ्या एका गोष्टीवरून त्या मुकादमाची पारख करता येईल.

वडवणीची मुले आता शिकून पुण्याला जातात, आणि त्यांतली काही चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागातच नोकरीला लागतात. तेथेही कंत्राटदार असतो, तेथेही गावाकडून गाडी भरून पोरे येतात, आणि समोर बसलेल्या पोराला आपल्या बोलीचा माणूस भेटला म्हणून केवढा धीर येतो. त्या घटकेला या अधिकाऱ्याने सांगावे की ही नेमणूक कंत्राटदाराकडची आहे, मुदत इतक्या महिन्यांची आहे, कायम करण्याचे आश्वासन मला देता येत नाही, हातात पडणारा पगार कापाकापी वजा जाता इतका आहे, आणि रात्रपाळी चुकणार नाही. हे ऐकून काही उमेदवार उठून जातील, त्या दिवशीची भरती अपुरी राहील आणि वरिष्ठ खुलासा मागतील. खुलाशात त्याने उमेदवारांना काय काय सांगितले तेच लिहून द्यावे, आणि त्याची एक नक्कल स्वतःच्या दप्तरी ठेवावी.