छावणी हलवा, असं म्हणणारा माणूस



28 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे बद्रीनाथजवळच्या माणा गावाशेजारी, सीमा सडक संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन कोसळलं. रस्त्यावरचा बर्फ हटवायच्या कामावर असलेले 54 मजूर त्याखाली सापडले. लष्कर आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान पुढचे तीन दिवस बर्फ उपसत होते. 46 जण वाचले, आठ गेले. वाचलेल्यांपैकी बरेच जण लोखंडी कंटेनरमध्ये झोपलेले होते, आणि कंटेनरचा पत्रा टिकला, हे त्यांच्या जगण्याचं एक मोठं कारण.

आदल्या संध्याकाळी चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेनं इशारा दिलेला होता. चमोली जिल्ह्यात 2400 मीटरच्या वर पुढचे चोवीस तास हिमस्खलनाचा धोका आहे, असा. माणा त्याच जिल्ह्यात आणि 3000 मीटरच्याही वर. म्हणजे विज्ञान आपलं काम करून मोकळं झालं होतं. पण चंदीगडचा इशारा हा अख्ख्या जिल्ह्यापुरता असतो. अमुक नाल्याखालचे हे आठ कंटेनर आज रात्री इथं नकोत, असं तो सांगत नाही, सांगूही शकत नाही. ते सांगायला जागेवर माणूस लागतो. आज मला बोलायचंय ते त्या माणसाविषयी, आणि तो कसा घडवतात याविषयी.

त्यासाठी कॅनडात जाऊ. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्ट्यूअर्ट गावाच्या पलीकडे ग्रॅनडक नावाची तांब्याची खाण होती. 18 फेब्रुवारी 1965 ला सकाळी तिच्या छावणीवर हिमस्खलन आलं आणि 26 कामगार मेले. एक जण तीन दिवसांनी जिवंत सापडला. माणाच्या साठ वर्षं आणि दहा दिवस आधीची ही गोष्ट, पण चित्र तेच: डोंगराच्या पायथ्याशी बर्फाच्या वाटेत टाकलेली कामगारांची छावणी. पुढे 1974 साली टेरेस गावाजवळ महामार्गालगतचं एक उपाहारगृह गाडलं गेलं, त्यात सात जण गेले. त्यानंतर प्रांतिक सरकारनं महामार्गांसाठी हिमस्खलनाचा स्वतंत्र विभागच उभा केला. आज तिथल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत लिहिलेलं आहे की हिमस्खलनाच्या टापूत माणसं कामाला लावायची, तर आधी पात्र व्यक्तीकडून धोका तपासून घेतला पाहिजे.

आता 'पात्र' कोण? या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांनी एक व्यवसायच उभारला. पीटर शेरर हा स्विस अभियंता रॉजर्स पास या घाटातल्या महामार्गाच्या कामावर आला होता. 1970 च्या दशकात त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हिमस्खलनाचे वर्ग सुरू केले. 1981 मध्ये कॅनेडियन अ‍ॅव्हलांच असोसिएशन स्थापन झाली आणि पुढे हे शिक्षण तिच्याकडे आलं. रस्ता खात्यातले लोक, खाणीतले, रेल्वेचे, स्कीच्या मैदानांवरचे गस्तवाले, हेलिकॉप्टरनं पर्यटक वर नेणारे गाइड, सगळे तिथंच शिकतात. लेव्हल वन हा साधारण आठवड्याभराचा अभ्यासक्रम. तो झाला की नोकरीत हिवाळा काढायचा, वह्या भरायच्या, मगच लेव्हल टू. आणि लेव्हल टू म्हणजे लेव्हल वनच जरा जास्त खोलात, असा जर तुमचा समज असेल, तर तो तिथं पहिल्या दिवशीच पुसला जातो.

लेव्हल वनमध्ये बर्फ वाचायला शिकवतात. बर्फात कमरेइतका खड्डा खणायचा, वरच्या अंगाची भिंत फावड्यानं तासून सपाट करायची. त्या भिंतीतून 30 सेंटिमीटर लांब-रुंद असा एक खांब करवतीनं कापून सुटा करायचा. त्याच्या डोक्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि हातानं थापट्या मारायच्या. आधी दहा मनगटातून, मग दहा कोपरातून, शेवटच्या दहा खांद्यातून. कितव्या थापटीला खांब तुटला, वरून किती सेंटिमीटरवर तुटला आणि कसा तुटला, हे वहीत लिहायचं. 'कसा' ला फार महत्त्व. खडबडीत, अर्धवट तुटला तर एक वेळ ठीक. वरचा तुकडा सरकन एकसंध पुढे घसरला, तर खाली कच्चा थर आहे आणि तो एकदा फुटला की तडा लांबवर पळेल.

हा कच्चा थर येतो कुठून? बऱ्याचदा छान हवेतून. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिमदव पडलं की आपल्या वर्तमानपत्रांत फोटो येतात ना, तशीच निरभ्र, निवांत, कडाक्याची रात्र डोंगरावर पडते. हवेतल्या बाष्पाचे पातळ, पसरट स्फटिक बर्फावर उभे राहतात. सकाळच्या उन्हात दिसायला फार देखणे. मग हवा बिघडते, त्यांच्यावर हातभर नवा बर्फ पडतो आणि ते दिसेनासे होतात. नाहीसे मात्र होत नाहीत. कित्येक आठवडे तसेच वरचं ओझं पेलत उभे असतात. एखाद्या माणसाच्या पावलानं ते कोसळतात, धप्प असा आवाज येतो, आणि उतार तीस अंशांहून चढा असला तर वरचा अख्खा थर निघतो.

लेव्हल टूमध्ये सांगतात की या खड्ड्यावर विसंबू नका. पाच-दहा मीटर बाजूला खणलं तर निकाल वेगळा येऊ शकतो. निकाल वाईट आला, तर उतार बंद करायला तो पुरेसा; चांगला आला, म्हणून बंद ठेवलेला उतार उघडायचा नाही. बर्फाची माहिती आहेच, पण तिच्यात आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही, त्याचा हिशेब कसा मांडायचा, हा त्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग. आणि त्याहून मोठा भाग माणसाच्या डोक्याचा.

इथं अडचण अशी आहे की डोंगर चूक दाखवत नाही. उतार धोक्याचा होता, तुम्ही त्यावरून गेलात, काही झालं नाही. संध्याकाळी चहा घेताना तुम्हाला वाटतं, अंदाज बरोबर निघाला. वास्तविक अंदाज चुकलेलाच होता, उतार त्या दिवशी सुटला नाही इतकंच. सुतार चुकला तर दार लागत नाही आणि त्याला लगेच कळतं. या धंद्यात चुकीचा धडा वर्षानुवर्षं पक्का होत जातो आणि त्यालाच आपण अनुभव म्हणतो. इयन मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकानं हौशी मंडळींच्या 715 अपघातांची छाननी केली होती. त्यात असं दिसलं की वरचं शिक्षण घेतलेले लोकसुद्धा ओळखीच्या उतारावर गेले, की जवळपास अडाण्याइतकाच धोका पत्करत होते. मला स्वतःला हा निष्कर्ष त्या साऱ्या खड्ड्यांपेक्षा आणि थापट्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

म्हणून निर्णय सकाळी, घरात बसून घ्यायचा. हेलिकॉप्टर स्कीइंगच्या कंपन्यांत पहाटे गाइडांची बैठक होते. ठरलेल्या प्रत्येक उताराचं नाव घेतलं जातं आणि हिरवा की लाल हे ठरतं. टेबलाभोवती बसलेल्या एकानं जरी 'नको' म्हटलं, तरी उतार लाल. मग तो बोलणारा सर्वांत धाकटा का असेना. आणि सकाळी लाल ठरलेला उतार दुपारी ऊन पडलं, पाहुण्यांनी गळ घातली, म्हणून वर गेल्यावर हिरवा करता येत नाही. आपल्याकडे ज्येष्ठांसमोर धाकट्यानं 'नको' म्हणणं किती अवघड असतं, हे तुम्हाला सांगायला नको. तिथंही ते सोपं नव्हतं. ते शिकवावं लागतं, हाच तर मुद्दा आहे.

दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. 1991 पासून कॅनडातल्या या सगळ्या संस्था रोज संध्याकाळी आपापली निरीक्षणं एकमेकांना कळवतात. कुठं काय सुटलं, किती मोठं, कोणत्या थरावर. धंद्यात एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कंपन्यासुद्धा. लेव्हल वनपासून सगळ्यांना एकाच पद्धतीनं टिपणं लिहायला लावतात ते यासाठी. शेजारच्या खोऱ्यातल्या अनोळखी माणसाची नोंद वाचून तुम्हाला तिच्यावर विश्वास ठेवता आला पाहिजे.

बचावकार्याचंही असंच. आधीच्या एका स्विस अभ्यासानुसार गाडली गेलेली माणसं पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढली, तर नव्वद टक्क्यांहून अधिक वाचतात. 2024 च्या नव्या अभ्यासात ती मुदत दहा मिनिटांवर आली आहे. सगळं शरीर सांगतं, धावा. पण प्रमुख म्हणून जो उभा आहे, त्यानं आधी वर पाहायचं असतं. रॉजर्स पासमध्ये 4 मार्च 1910 च्या रात्री रेल्वेचे मजूर रुळांवर आलेलं एक हिमस्खलन उपसत होते, तेव्हा समोरच्या डोंगरावरून दुसरं आलं. 58 जण गेले, त्यांत निम्म्याहून अधिक जपानी मजूर.

आपल्याकडे या शास्त्राला वारसा नाही असं मुळीच नाही. गुलमर्गची लष्करी शाळा 1948 पासूनची. मनालीतली हिमस्खलन अभ्यास संस्था 1969 ची, तीच 2020 मध्ये डीजीआरईत विलीन झाली. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचिनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातलाही एक होता. अशा ठिकाणी जाणाऱ्या जवानांचं खास प्रशिक्षण आधी होतं. पण माणाचे मजूर जवान नव्हते. बिहार, उत्तर प्रदेश, हिमाचल, उत्तराखंड, पंजाबातून रोजीसाठी आलेली माणसं. घाटरस्ते, बोगदे, जलविद्युत प्रकल्प, रोपवे यांवर हिवाळ्यात राबणारे असे हजारो लोक आहेत, आणि त्यांचं काम दर वर्षी आणखी उंचावर सरकतं आहे.

त्यांच्यातल्या प्रत्येकाला लेव्हल टू शिकवा, असं कोणी म्हणत नाही. पन्नास जणांच्या छावणीला एक माणूस पुरतो. हिवाळा सुरू होण्याआधी त्यानं जागा पाहावी. डोंगराच्या पोटात झाडं का नाहीत, जी आहेत ती सगळी खालच्या बाजूलाच वाकलेली का, नाल्याच्या तोंडाशी दगडमातीचा पंखा कुठवर पसरलाय, गावातले म्हातारे या वाटेला काय म्हणतात, हे विचारावं. संध्याकाळी चंदीगडचा इशारा आला की त्यानं तो वाचावा. आणि कामाच्या करारात असं कलम असावं, की त्यानं छावणी हलवा म्हटलं, तर कंत्राटदाराला आणि साहेबांना ती त्याच रात्री हलवावी लागेल, आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी कोणाची कापली जाणार नाही.