वृद्धांची शुश्रूषा : संस्था आणि कुटुंब

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



‘शुश्रूषा’ हा शब्द आज सेवा या अर्थाने रूढ असला, तरी संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. १९४९ साली मुंबई सरकारने खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचा कायदा केला. त्याच्या मराठी नावात हाच शब्द आला आणि ‘शुश्रूषागृह’ हे नर्सिंग होमचे अधिकृत नाव झाले. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की डॉक्टरांचे दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय डोळ्यांसमोर येते. पाश्चात्त्य देशांत याच नावाने वृद्ध व पराधीन माणसांच्या दीर्घ मुक्कामाची जागा ओळखली जाते. तेथे शस्त्रक्रिया होत नाहीत. उठवणे, बसवणे, भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे हेच तेथील मुख्य काम. आपल्याकडे अशा जागेस वेगळे नाव नाही. हिंडत्याफिरत्या वृद्धांचे निवासस्थान आणि अंथरुणास खिळलेल्यांचे शुश्रूषास्थान ही दोन्ही ‘वृद्धाश्रम’ या एकाच शब्दात कोंबली जातात. पुष्कळ वृद्धाश्रम स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात आणि माणूस अंथरुणास खिळला की घरच्यांनी त्यास परत न्यावे, अशी अट घालतात. म्हणजे खरी गरज उत्पन्न होते त्या दिवशीच दार बंद होते. प्रवेशाचा अर्ज भरताना ही अट फारसे कोणी वाचत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय किती निकटचा आहे, हे जनगणनेवरून दिसते. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असता येथील माणसे ८१,७०८ ने कमी झाली. त्याच जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. कमावता माणूस मुंबईस आणि आईवडील घरी, ही कोकणची जुनी रीत. मनीऑर्डर येत असे, गणपतीला व शिमग्याला घर भरत असे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर येणे सोपे झाले, तसे जाणेही सोपे झाले. व्यापारी कुटुंबांत पूर्वी दुकानामुळे निदान एक मुलगा गावी राहत असे. गादीवर बसणाऱ्याला गाव सोडता येत नव्हते. आज मुलगा पुण्यास सनदी लेखापाल, मुलगी बंगळूरला, आणि दुकान भाड्याने दिलेले, अशी घरे आपल्या समाजात बोटांवर मोजण्याइतकी राहिलेली नाहीत. ऐंशी वर्षांचे वडील पडले, तर मुंबईहून निघालेला मुलगा सुमारे साडेतीनशे किलोमीटर तोडून येईपर्यंत शेजारीच सर्व काही करतात.

अशा वेळी घरातील वृद्धास संस्थेत ठेवण्याचा निर्णय होतो, आणि समाज त्यावर एकच क्रियापद वापरतो : ‘टाकले’. आईला आश्रमात टाकले. या शब्दाच्या भयाने कित्येक कुटुंबे जमत नसलेले करीत राहतात. सून कंबरदुखीने वाकते. वडिलांना बाहेरून कडी लावून माणसे कामास जातात. दिवसभराची बाई आठ दिवसांत सोडून जाते. याउलट, नीट निवडलेल्या संस्थेत आई गेल्यावर मुलीस प्रथमच तिच्याजवळ स्वस्थ बसून बोलता आले, असाही अनुभव कुटुंबांस येतो. घरी असताना तिचा सर्व वेळ चादरी धुण्यात जात असे. तेव्हा घर की संस्था, या प्रश्नावर सरसकट निवाडा देण्यात अर्थ नाही. शुश्रूषा कशी होते, हे पाहिले पाहिजे, आणि ते पाहता येते.

पाहावयास जाणारे कुटुंब बहुधा फरशी, बाग, दूरदर्शन संच आणि प्रार्थनागृह पाहून परत येते. ही सर्व दिवसाची दृश्ये झाली. शुश्रूषेची परीक्षा रात्री होते. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, अन्यथा माकडहाड, खुबा व टाचा येथील कातडीचा रक्तपुरवठा दबून शय्याव्रण, म्हणजे बेडसोअर, होते. आता साधा हिशेब करावा. असे दहा रुग्ण आहेत. रात्री दहा, बारा, दोन आणि चार, अशी चार वेळा प्रत्येकाची कूस बदलायची. एकूण चाळीस वेळा. दुपटे बदलणे, अंग पुसणे धरून प्रत्येक वेळी दहा मिनिटे लागली, तर चारशे मिनिटे, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटे झाली. आणि हे काम दोन माणसांनी मिळून करावयाचे. एकट्याने ओढल्यास कातडी सोलवटते. सारांश, दहा पराधीन रुग्णांमागे दोन जागी माणसे रात्रभर जवळजवळ अखंड राबली, तरच काम होते. एखाद्या ठिकाणी पंचवीस जणांमागे रात्री एकच मावशी आहे, असे कळले, तर तेथील बाग पाहण्याची आवश्यकता उरत नाही. ती मावशी मनाने कितीही चांगली असो, गणित तिच्या विरुद्ध आहे. मग तिचे काम हलके करण्यासाठी दोन वाटा काढल्या जातात : एक गुंगीची गोळी, दुसरी खाटेला बांधलेले हात. अमेरिकेत हे प्रकार इतके वाढले, की तेथील संसदेने १९८७ साली कायदा करून सोयीखातर माणसास बांधण्यास व गुंगीत ठेवण्यास मनाई केली.

कापडाच्या धंद्यातील मंडळींना आणखी एक प्रश्न विचारता येण्यासारखा आहे : एका खाटेमागे चादरी किती? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात धुतलेले कापड दोन-दोन दिवस वाळत नाही. दिवसास दोन चादरी बदलाव्या लागल्या, तर वापरातील दोन आणि वाळत असलेल्या चार, मिळून सहा चादरी एका खाटेस हव्यात. संस्थेच्या कपाटात खाटेमागे दोनच असतील, तर जुलैमध्ये रुग्ण ओलसर चादरीवर निजतो, हे सांगण्यास डॉक्टर नको. चादर सुती हवी. टेरीकॉट टिकते, लवकर वाळते आणि स्वस्त पडते, पण घाम शोषत नाही. नव्या मांजरपाटाची खळ दोन-तीन धुण्यांत काढल्याशिवाय ते म्हाताऱ्या कातडीखाली घालू नये. मेणकापड उघडे ठेवू नये, त्यावर आडवी सुती घडी हवी, आणि शिवण किंवा गाठ पाठीखाली येता कामा नये. घरोघरी पडून असलेले जुनेर या कामास नव्या कापडाहून सरस. देणगी म्हणून नव्या ब्लँकेटांचे ढीग संस्थांकडे येतात, समारंभाने वाटले जातात, छायाचित्रे निघतात. धुऊन मऊ झालेले जुने लुगडे मात्र कोणी आणून देत नाही.

आहाराच्या बाबतीत आपल्या समाजाचा एक विशेष प्रश्न आहे. कंदमुळे वर्ज्य, पाणी उकळलेले, इतके बहुतेक ठिकाणी सांगून पाळले जाते. चौविहाराचे तसे नाही. डिसेंबरात येथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो व सातच्या सुमारास उगवतो. नवकारशीची ४८ मिनिटे धरली, तर अन्नपाण्याविना सुमारे चौदा तास जातात. बहुतेक संस्थांत रात्रीचे जेवण साडेसात-आठला आणि मधुमेहाचे इंजेक्शन त्यापूर्वी. चौविहार करणाऱ्या आजींनी साडेपाचला दोन घास खाल्ले आणि नेहमीच्या वेळी सात वाजता इन्सुलिन टोचले गेले, तर मध्यरात्रीनंतर साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. अंगास दरदरून घाम, असंबद्ध बडबड, मग ग्लानी. रात्रपाळीच्या माणसास ती गाढ झोप वाटते. यावर उपाय कठीण नाही. औषधाची वेळ व मात्रा डॉक्टरांकडून जेवणाच्या वेळेशी जुळवून कागदावर लिहून घ्यावी आणि तो कागद खाटेशी लावावा. रुग्णावस्थेत पच्चक्खाणाचे काय करावे, हेही महाराजसाहेबांस आधीच विचारून ठेवावे. पर्युषणाच्या पहिल्या दिवशी फोनवर विचारण्याची ही गोष्ट नव्हे. भरवताना माणूस बसलेला असावा आणि नंतर अर्धा तास तसाच राहावा, कारण निजून घेतलेला घास श्वासनलिकेत उतरतो. म्हातारपणी तहान मंदावते, म्हणून दिवसाउजेडी पाणी मागण्याची वाट न पाहता द्यावे. एरव्ही शुद्धीवर असलेले आजोबा एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. लघवीतील जंतुसंसर्ग हे त्याचे नेहमीचे कारण आहे.

‘वय झाले’ या दोन शब्दांनी वृद्धांचे जितके नुकसान केले, तितके रोगांनी केले नसेल. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५ साली डॉक्टर मार्जरी वॉरन यांच्याकडे असाध्य ठरवून वर्षानुवर्षे खाटेवर ठेवलेल्या शेकडो वृद्धांची जबाबदारी आली. त्यांनी प्रत्येकास तपासले, उठवून बसविले, चालविले, खोल्यांत उजेड आणला. त्यांतील कितीतरी जण चालू लागले आणि काही घरी गेले. वृद्धांचे वैद्यक हे स्वतंत्र शास्त्र तेथून उभे राहिले. आपल्या राज्यातही ही परंपरा जुनी आहे. पुण्याचे ‘निवारा’ डेव्हिड ससून यांच्या नावाने १८६३ पासून चालू आहे. आपल्याच जिल्ह्यात देवरुखला इंदिराबाई हळबे, सर्वांच्या मावशी, यांनी १९५४ साली ‘मातृमंदिर’चा आरंभ केला, तो लहानशा प्रसूतिगृहाने. आधी काम आणि मागाहून इमारत, हा क्रम तेथे होता.

कुटुंबाने संस्थेत ठेवल्यानंतर काय करावे, हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे. पहिला महिना माणसे दर रविवारी जातात, पुढे पंधरवड्याने, पुढे सणावारी. ज्याचे कोणी वारंवार येते त्याची कूस वेळेवर बदलली जाते. हे कटू आहे, पण व्यवहार असाच आहे. म्हणून जावे ते अवेळी जावे, सकाळी सहाला किंवा रात्री नऊला. पांघरूण दूर करून टाचा व पाठ पाहावी, नखे पाहावीत, कवळी, चष्मा व श्रवणयंत्र जागेवर आहे की डब्यात, हे पाहावे. वजन दरमहा लिहिले जाते का, ते विचारावे. तक्रार करण्यास कुटुंबे भितात. आपण बोलून निघून जाऊ, राग मात्र आईवर निघेल, ही ती भीती, आणि ती निराधार नसते. यासाठी एकट्याने मावशीशी वाद घालण्यापेक्षा चार कुटुंबांनी मिळून महिन्यातून एकदा व्यवस्थापकांसमोर बसणे उपयोगी पडते. मावशीचे नाव ठाऊक असावे, तिच्या मुलांची चौकशी करावी. ती आपल्या आईचे मलमूत्र काढते.

कायद्याची माहितीही हवी. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा केंद्रीय कायदा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू झाला. निर्वाहासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वकील लागत नाही. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता बक्षीस दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करवून घेता येते. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा क्रमांक आहे. याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांचे निवासस्थान असावे, असे कलम आहे. खाटांचा आकडा कलमातच आहे. दर्जाचे मापदंड ठरविणे राज्यावर सोपविलेले आहे.

समाजाच्या बैठकांतून वृद्धाश्रम बांधण्याचा विषय वरचेवर निघतो. जागा, आराखडा, संगमरवर, दात्यांचे नामफलक यांवर उत्साहाने चर्चा होते. खोलीस नाव मिळते म्हणून खोलीस दाता मिळतो. रात्री दोन वाजता कूस बदलणाऱ्या माणसाच्या पगारास नाव कोठे लावणार? वास्तविक तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात वैयावृत्त्य हे आभ्यंतर तप म्हणून गणले आहे आणि ज्यांची सेवा करावयाची त्या दहांत ‘ग्लान’, म्हणजे रोगी साधू, यांचा उल्लेख आहे. उपवासाच्या तपाचे पारणे वाजतगाजत होते. वैयावृत्त्याचा वरघोडा अद्याप कोणी काढलेला नाही. केरळात १९९९ पासून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी आठवड्यातील काही तास देऊन खिळलेल्या रुग्णांची घरी जाऊन सेवा करण्याचे जाळे उभारले, आणि त्याचा बराचसा खर्च लोकांच्या लहान लहान वर्गण्यांतून भागला. तेथे इमारतीपासून सुरुवात झाली नाही.

आपल्या पेढीवर भोजनाच्या तिथींची वही असते. आईवडिलांच्या स्मरणार्थ तिथी लिहिण्याची आपली पद्धत उत्तम आहे. त्या वहीशेजारी रात्रपाळीच्या तिथींची दुसरी वही ठेवावी. एक तिथी म्हणजे एका रात्रीचे दोन माणसांचे वेतन. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांनी एक जुनेर द्यावे किंवा एक रविवार लिहावा. पाने ३६५ लागतील. पहिली किती भरतात ते येत्या पर्युषणापर्यंत कळेल, आणि इमारतीचा आराखडा त्यानंतर मागविला तरी चालेल.