नांदी: आशीर्वाद की धोक्याची घंटा?

आज एकच शब्द घेऊया: नांदी.

'ही तर युद्धाची नांदी!' बातम्यांमध्ये अशी वाक्यं सर्रास येतात. त्यामुळे नांदी म्हणजे काहीतरी वाईट घडणार त्याची खूण, असं खूप जणांना वाटतं. मुळात प्रकरण अगदी उलटं आहे. संस्कृतात 'नन्द्' म्हणजे आनंदणं. आनंद, अभिनंदन आणि आपली नांदी, सगळी एकाच घरची मंडळी.

संस्कृत नाटकात खेळाआधी मंगल पद्य म्हणत. त्यात देवाची स्तुती असायची, आशीर्वाद असायचा. ती नांदी. ती संपली की सूत्रधार बोलायला लागायचा. नटीशी गप्पा मारता मारता आज नाटक कोणतं, लिहिलंय कोणी हे सांगून टाकायचा. या गप्पांना नाव काय, माहितीये? प्रस्तावना! हो, तीच, जी आपण पुस्तकात न वाचताच उलटतो.

पुढे मराठी संगीत नाटकानं नांदी गात गात आणली. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आलं, त्याचीही सुरुवात नांदीनंच. आणि लग्नामुंजीआधी घरात नांदीश्राद्ध करतात ना, ते याच कुळातलं. 'श्राद्ध' ऐकून दचकू नका, शुभकार्याआधी पूर्वजांचे आशीर्वाद मागायचे असतात.

मग 'युद्धाची नांदी' चूक का? नाही. नांदीनंतर मोठा खेळ सुरू होतो, एवढाच धागा पकडून भाषेनं अर्थ पुढे नेला आणि तो आता रुळलाय. पण मला विचाराल तर, युद्धासाठी आपल्याकडे 'ठिणगी' आहे, संकटासाठी 'चाहूल' आहे. चांगल्यासाठी शब्द कमी पडतात, तिथे नांदी वापरा की! 'गावातली ही छोटी लायब्ररी मोठ्या बदलाची नांदी ठरली.' किती छान वाटतं!

फक्त पुस्तकाला नांदी लिहू नका हं. पुस्तकाची ओळख करून देणारी ती प्रस्तावना, बऱ्याचदा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली. लेखक स्वतःचं मन मोकळं करतो ते मनोगत. आणि कार्यक्रमात पाहुण्यांच्या आधी कुणीतरी उठून बोलतं ते प्रास्ताविक. 'दोनच मिनिटं घेतो' म्हणत वीस मिनिटं चालतं, तेच!