वीजवाल्यांचा चेक

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

विजेच्या बाबतीत पैसा एकाच दिशेनं जातो, असं मी आजवर समजत होतो. बिल येतं, आपण भरतो, उशीर झाला तर दंडासकट भरतो. त्यामुळे गेल्या महिन्यात अमेरिकेतून भाच्याचा फोन आला, "मामू, लाइटवाल्यांनी मला एकोणीस डॉलरचा चेक पाठवलाय," तेव्हा मी म्हटलं, मीटर उलटं फिरलं की काय! तो आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांनी वेढलेल्या एका लहानशा गावाबाहेर राहतो. वीस वर्षं झाली त्याला. आणि हा चेक होता त्यानं पहिल्या वर्षी भरलेल्या बिलांपोटी.

मग मी चौकशी केली, थोडं वाचलं. त्याला वीज देणारी ही कंपनी नव्हे, सहकारी संस्था आहे. मीटर घेतलं तेव्हाच तो तिचा सभासद झाला होता आणि हे त्यालाही नीटसं ठाऊक नव्हतं.

१९३५च्या सुमाराला अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी जवळजवळ नऊ घरांत वीज नव्हती. खासगी कंपन्यांचा हिशेब रोखठोक होता. मैलभर तार ओढायची आणि गिऱ्हाइकं दोन-तीन, कसं परवडणार? राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या वर्षी ग्रामीण विद्युतीकरणाचं वेगळं खातं काढलं, १९३६मध्ये कायदा झाला, सरकारी कर्ज मिळू लागलं आणि शेतकऱ्यांनी आपापल्या संस्था काढून खांब उभे केले. आज अशा सुमारे ९०० संस्था आहेत. देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागाला त्या वीज पुरवतात.

या संस्थांना नफा कमवायचा नसतो. पण वीज नेमकी खर्चाच्या किमतीला विकणं कुणाला जमणार? यंदा वादळं किती येतील, थंडी किती पडेल, हे जानेवारीत कोण सांगणार? म्हणून दर थोडा चढाच ठेवतात. वर्षअखेरी खर्च वजा जाता जे उरतं, तो वाढावा. हा वाढावा ज्यांच्याकडून जास्त घेतला गेला त्यांचाच, असं तिथं मानतात आणि ज्याच्या त्याच्या बिलाच्या प्रमाणात तो ज्याच्या त्याच्या नावावर मांडतात. समजा, एक लाख डॉलर उरले आणि तुमचं बिल एकूण वसुलीच्या हजाराव्या हिश्शाइतकं असेल, तर तुमच्या नावावर शंभर डॉलर. याला तिकडे 'कॅपिटल क्रेडिट' म्हणतात. तुमच्याकडे शेअर किती, हा प्रश्नच नाही. वीज किती वापरली, एवढंच पाहायचं. मत मात्र ज्याचं बिल मोठं त्यालाही एकच.

नावावर मांडले म्हणजे हातात पडले असं नाही. ते पैसे संस्था खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर यांत घालते, म्हणजे तेवढं कर्ज कमी काढावं लागतं. ताळेबंद ठीक दिसला की संचालक मंडळ बहुधा जुन्यात जुन्या वर्षापासून परतफेड करतं. पंधरा, वीस, कधी तीस वर्षांनी. सभासद गाव सोडून गेला तरी हक्क बुडत नाही, वारला तर वारसांना मिळतं. व्याज मात्र साधारणतः एक पैही नाही.

'व्याज नाही' हे वाचलं आणि मला माझे अब्बा आठवले. ते गावच्या ग्राहक भांडाराचे सभासद होते. वर्षाकाठी दोन रकमा यायच्या, एक शेअरवरचा लाभांश आणि दुसरी खरेदीवरचा रिबेट. लाभांश घेताना अब्बा घुटमळायचे. पैशावर पैसा, म्हणजे व्याजच ना? मौलवीसाहेबांनी समजावलं की नफ्यातला वाटा म्हणजे व्याज नव्हे, तरी त्यांच्या मनाचं समाधान काही होईना. तो पैसा ते मशिदीच्या पेटीत टाकून यायचे. रिबेट मात्र मोजून खिशात. म्हणायचे, "हे माझंच आहे. साखर-तेल घेताना जास्त गेलं होतं, ते अमानत म्हणून त्यांच्याकडे पडून होतं."

अब्बांना रॉचडेलचं नाव माहीत असण्याचं कारण नाही. १८४४ साली इंग्लंडातल्या त्या गावी विणकरांनी दुकान काढलं आणि नफा खरेदीच्या प्रमाणात वाटायचा असं ठरवलं. आयोवातला चेक त्याच रिवाजातला.

पण अमानतीचं एक असतं. ठेवणाऱ्याला तिची आठवण हवी. वीस वर्षांपूर्वीचे एकोणीस डॉलर आज एकोणीस राहिलेले नाहीत, हे भाच्यानं मला लगेच सुनावलं. मला ते एवढं खटकत नाही, त्या पैशाचे खांब त्याच्याच दाराशी आहेत. खटकतं ते परतफेड होतच नाही तेव्हा. टेक्सासमधली पेडर्नालिस ही संस्था १९३८मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या खटपटीतून उभी राहिली. २००७मध्ये तिचेच सभासद न्यायालयात गेले. कारभार बंद दाराआड चालतो, वाढावा परत मिळत नाही, अशी तक्रार होती. तडजोड झाली, निवडणुका मोकळ्या झाल्या, पैसे परत मिळू लागले. टेनेसीचे लोकप्रतिनिधी जिम कूपर यांनी २००८मध्ये लिहिलं की, संस्थांकडे अब्जावधी डॉलर साठले आहेत आणि ते आपले आहेत हे सभासदांच्या गावीही नाही.

आपल्याकडे हे रोप लावून पाहिलं गेलं होतं. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी वीज सहकारी संस्थांच्या मदतीनं देशात पाच ठिकाणी प्रयोग झाला, त्यांतली एक आपली मुळा-प्रवरा. प्रवरेचं खोरं म्हणजे सहकारी साखर कारखान्याचं माहेरच. पण तिथं वाढाव्याऐवजी थकबाकी वाढत गेली. वीज विकत घ्यायची मंडळाकडून, द्यायची बरीचशी शेतीपंपांना सवलतीच्या दरात. त्या गणितात उरणार काय आणि वाटणार काय? २०११मध्ये तो भाग महावितरणकडे गेला. त्याच पाचांतली बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था मात्र आजही चालू आहे.

भाच्याला मी विचारलं, "चेकचं काय केलंस?" म्हणाला, "बँकेत टाकला. पण मामू, त्यांच्या कागदांत एक यादीही आली आहे, ज्यांचे पैसे पडून आहेत आणि पत्ता सापडत नाही अशांची. ज्यांच्याकडून मी हे घर घेतलं त्या म्हाताऱ्याचं नाव आहे त्यात. तो वारला. त्याची मुलगी कुठं असते, ते आता शेजारीपाजारी विचारतोय."