झाडें मातींतून काय घेतात ?

बिबवेवाडींत माझ्या गच्चीवर एक मोगरा होता. गेल्या उन्हाळ्यांत त्याचीं कोंवळीं पानें पिवळीं पडलीं. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. झाड उपाशी आहे असें समजून मीं कुंडींत मूठभर युरिया घातला. आठ दिवसांत मोगरा वाळून गेला. झाड भुकेलें होतें हें निदान खरें होतें. परंतु त्याला भूक कशाची होती आणि तें जेवतें कसें, हा विचार मीं केला नव्हता. तोच आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

झाड माती खातें ही समजूत फार जुनी. व्हॅन हेल्मॉन्ट नांवाच्या पंडितानें ती पारखून पाहिली. २०० पौंड कोरड्या मातींत त्यानें विलोचें रोप लावलें व ५ वर्षें केवळ पाणी घातलें. झाडाचें वजन सुमारें १६४ पौंडांनीं वाढलें. माती घटली अवघी २ औंस. हा प्रयोग १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. झाड पाण्याचेंच बनतें, असा निष्कर्ष त्यानें काढला आणि तो चुकला, कारण हवेंतील कर्बवायूचा वांटा त्याला ठाऊक नव्हता. ते २ औंस मात्र त्यानें किरकोळ म्हणून सोडून दिले ! आपली सारी कथा त्या दोन औंसांची आहे.

नत्र, स्फुरद, पालाश, लोह, जस्त हीं द्रव्यें पाण्यांत विरघळून, विद्युद्भारित सूक्ष्म कणांच्या रूपानें मुळांच्या केसांपर्यंत पोंचावीं लागतात. नत्र शेणखतांतला असो कीं पोत्यांतला, मुळाच्या दारांत त्याला बहुतेक एकच रूप घ्यावें लागतें. पालाशाचे कण चिकणमाती अंगाशीं धरून ठेवते. मूळ आपले आम्लकण देऊन ते सोडवून घेतें. हा रोखीचा सौदा आहे. नायट्रेट मातीला चिकटत नाहीं, म्हणून अति पाण्यानें तें कुंडीच्या भोकांतून वाहून जातें. स्फुरदाची चाल इतकी मंद कीं त्याच्याकडे मुळालाच जावें लागतें. या कामाला शक्ति हवी, शक्तीसाठीं श्वास हवा. म्हणून चिखलांत बुडालेलें झाड भरल्या ताटावर उपाशी राहतें.

माझ्या मोगऱ्याला हवें होतें लोह. आपली काळी माती काळ्या पाषाणाची. तींत लोह भरपूर. परंतु चुनखडीमुळें ती अल्कधर्मी, आणि अशा मातींत लोह विरघळत नाहीं. मोगऱ्यासारखें झाड मुळाभोंवतीं आम्ल सोडून तें विरघळवूं पाहतें, तर चुना त्या आम्लाला जागच्या जागीं मारतो. त्यांत मी घालीत होतों बोअरचें चुनवट पाणी ! शेतकरी या विकाराला केवडा म्हणतात. युरियानें कुंडींतील पाणी इतकें खारें झालें कीं मुळांना तें ओढवेना, उलट मुळांतलेंच पाणी बाहेर गेलें.

ओळखण्याची खूण सोपी आहे. खालचीं, जुनीं पानें आधीं पिवळीं पडलीं तर उणीव बहुधा नत्राची. तो जुन्या पानांतून नव्यांकडे जातो. लोह असें सहज हलत नाहीं, म्हणून नवीं पानें आधीं पिवळीं पडतात. त्यावर लिटरभर पाण्यांत ५ ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळीं पानांवर फवारावें, आणि नवीं पानें येतील तसतसें पुन्हा. मातींत नुसतें टाकल्यास लोह चुन्यांत लवकरच अडकतें. कुजलेल्या शेणखतांत मिसळून दिल्यास बरें. पावसाचें पाणी साठवितां आलें तर उत्तमच.

नवा मोगरा आणला आहे. गेल्या आठवड्यांत त्याचीं शेंड्याकडील पानें किंचित् फिकीं दिसलीं. काल सायंकाळीं पहिली फवारणी केली.